पहिल्यासारखे

मंगळवारी सकाळी सव्वासहाला नीलकंठ देवतळे यांनी चहा केला आणि बायकोला उठवून कप हातात दिला. चहात साखरेऐवजी मीठ होतं. अनसूयाबाई तो पूर्ण प्यायल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी चालू राहिलेला गॅस बंद केला.

हिंदी मुलखातल्या खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये आठ महिन्यांपासून हेच चाललं होतं. नीलकंठ दारूगोळ्याच्या कारखान्यात मजुरांवरचे चार्जमन होते. निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती. सेक्शनमध्ये पहिली शंका आली ती एका मजुराकडून काम बिघडलं तेव्हा. देवतळेसाहेबांनी त्याला जवळ बसवून स्वतःचा डबा खाऊ घातला. दुपारीच पिऊन आले की काय, असं लोक हसून बोलले. पण मग गेटवर मोबाइल जमा करायचं ते तीनदा विसरले. बारुदीच्या कामात ही चूक खपत नाही. त्यांना सक्तीच्या रजेवर पाठवलं आणि डोक्याचा फोटो काढायला सांगितलं.

शेजारच्या बेबीताई रोज चौकशीला येत. तुमच्या घरातून संध्याकाळी रेडिओ किती मोठ्यानं लागायचा, आता सगळं कसं चिडीचूप झालं, असं त्या हळहळून म्हणत. माणसाचं डोकं गेलं की तो लेकरू होतो, हेही सांगत. अनसूयाबाई मान हलवत. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. दिवसभर नवऱ्याच्या मागे फिरायचं, उलटा घातलेला शर्ट सुलटा करायचा, बाहेर पडले तर बस स्टॉपवरून परत आणायचं. ते हसत परत येत.

त्याच मंगळवारी अकरा वाजता दोघं शहरातल्या एका खासगी दवाखान्यात बसली होती. डॉक्टर गौतम मराठीच निघाले. त्यांनी फोटो उजेडासमोर धरला. कपाळामागे लिंबाएवढी गाठ होती. कर्करोग नव्हता. माणसाचा राग, लाज, सबुरी जिथून चालते त्या भागावर ती दाबून बसली होती. ठेवली तर आधी नजर जाईल, वर्षभरात जीवही. काढता येण्यासारखी होती.

"पहिले कसे होते हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"कडक होते. शिस्तीचे."

नीलकंठ बाजूला बसून भिंतीवरच्या पंख्याकडे कौतुकानं पाहत होते.

"ऑपरेशननंतर पहिल्यासारखे होतील?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"आशा तर पूर्ण आहे."

"अगदी पहिल्यासारखे?"

डॉक्टरांना त्यांची दया आली. त्यांनी फोटो खाली ठेवला. "काकू, तुमचा माणूस तुम्हाला जसाच्या तसा परत देण्याचा प्रयत्न करतो. काळजी नका करू."

अनसूयाबाईंनी सही करायला एक दिवस मागितला.

दुपारी त्यांनी नागपूरला मुलीला फोन लावला. प्रणोती तिथे बँकेत होती. पाच वर्षांत तिला घरी यायला सुट्टी मिळाली नव्हती. तिनं सगळं मध्ये न बोलता ऐकलं. गाठीचं नाव काय, हेही विचारलं नाही.

"मग काय ठरवलं तू?"

"ठरवायचं काय त्यात? माणूस मरू द्यायचा काय?"

"आणि तू, आई?"

"माझं मी पाहीन."

"तू नेहमी हेच म्हणून राहिली."

फोन ठेवून त्या अंगणात आल्या. नीलकंठ पायरीवर संत्रं सोलत बसले होते. एकेक फोड घेऊन तिचे पांढरे धागे नखानं काढत होते. फोडींची ओळ त्यांनी बायकोसमोर मांडली.

"तू खाय," ते म्हणाले. "काहून रडून राहिली?"

"रडत नाही. थकली मी."

अनसूयाबाईंनी सगळ्या फोडी खाल्ल्या. एक झाली की थांबत, मग दुसरी घेत. संपायला पाऊण तास लागला.

बुधवारी त्यांनी सही केली. शुक्रवारी साडेनऊला नीलकंठना आत नेलं. आत जाताना ते स्ट्रेचरवरून वॉर्डबॉयला धन्यवाद देत होते. पाच तासांनी डॉक्टर बाहेर आले आणि गाठ पूर्ण निघाल्याचं सांगितलं. अनसूयाबाईंनी हात जोडले. पुढचे तीन दिवस त्या काचेच्या दाराबाहेरच्या खुर्चीवर होत्या. घरी जाऊन झोपा, असं सिस्टर दोनदा म्हणाल्या. त्या गेल्या नाहीत.

सोमवारी संध्याकाळी त्यांनी डॉक्टरांना गाठलं आणि जिवाचा धोका टळला का, एवढंच विचारलं. टळला, डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी चष्मा, कागदपत्रं आणि धुतलेल्या कपड्यांची पिशवी सिस्टरच्या हवाली केली. नातेवाइकाच्या रकान्यात आपला नंबर खोडून मुलीचा लिहिला. मंगळवारी सकाळी त्या खुर्चीवर नव्हत्या.

दहा वाजून वीस मिनिटांनी डॉक्टर गौतम यांनी प्रणोतीला फोन केला. आई कुठे आहेत, विचारलं. रात्रीच्या बसनं पहाटे इथे आली, झोपली आहे, ती म्हणाली.

डॉक्टर जरा अवघडले. बाबा नीट शुद्धीवर आले, पण एक सांगायचं होतं. त्यांनी आईंबद्दल विचारलं, ते फार वाईट शब्दांत. पाणी द्यायला उशीर झाला म्हणून सिस्टरच्या तोंडात मारली. घाबरण्यासारखं नाही. ऑपरेशननंतर मेंदूला सूज असते, माणूस काही दिवस स्वतःसारखा वागत नाही. आईंना हे समजावून सांगा, म्हणजे त्यांनी धसका घ्यायला नको.



"सूज नाही ती, डॉक्टर," प्रणोती म्हणाली. "बाबा बरे झाले."