गुरुवारी चार वाजता

"या विद्यापीठात यापुढे कुणीही एकटं राहणार नाही," कुलगुरूंनी जाहीर केलं आणि अकराशे नव्याण्णव नव्या विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाराशेवा बाहेर व्हरांड्यात उभा होता. त्याला दोन मिनिटं उशीर झाला होता, आणि दार उघडलं की सगळे वळून बघतात.

भाषण मात्र त्याला भोंग्यावरून पूर्ण ऐकू आलं. बुजऱ्या मुलांसाठी सल्ल्याची खास खोली उघडली होती. दर गुरुवारी, चार वाजता. "खोलीला रंग झालाय, टेबल आलंय, दोन खुर्च्या आल्यात," कुलगुरू म्हणाले. "बाकीचं ओघाने येईलच."

या बाराशेव्याला वर्गात काका म्हणत. वय अठरा, पण चेहरा चाळिशीचा. कपाळ पार मागे गेलेलं, मिशी भरघोस, अंगात वडिलांचा कोट. पहिल्या दिवशी पहारेकऱ्याने त्याला सलाम ठोकला आणि तो वर्गात शिरला तेव्हा सगळा वर्ग उठून उभा राहिला. तेव्हापासून तो सगळ्यांच्या आधी येऊन बसायचा आणि सगळे गेल्यावर उठायचा. जेवणाचं ताट घेऊन जिन्याखाली जायचा.

जिन्याखाली जेवून आयुष्य निघालं असतं. पण वर्षअखेरीला प्रत्येकाने वर्गासमोर उभं राहून, हातात कागद न घेता, दहा मिनिटं बोलायचं होतं. नाही बोललं तर वर्ष गेलं. वर्ष गेलं तर चुलत्याचं चष्म्याचं दुकान. "तू काळजी करू नकोस, स्टूल रिकामंच ठेवलंय," आई फोनवर म्हणायची. हा तिचा धीर देण्याचा प्रकार होता.

म्हणून पुढच्या गुरुवारी चार वाजता काकाने त्या खोलीचं दार ढकललं.

टेबल गोल होतं. दोन खुर्च्या अगदी सारख्या. एकीत इस्त्रीच्या कपड्यांतल्या बाई बसल्या होत्या, पुढ्यात जाड वही आणि दोन पेनं. काका आत येताच त्या चक्क उठून उभ्या राहिल्या. विद्यार्थ्याला एवढा मान देणारी अधिकारी व्यक्ती त्याने पहिल्यांदाच पाहिली. पाहिली म्हणजे बूट पाहिले. त्याच्या वर नजर नेणं त्याला जमलं नाही.

"बसा ना," त्या पुटपुटल्या.

मग अकरा मिनिटं कुणी बोललं नाही. हे तज्ज्ञ लोक मुद्दाम गप्प बसतात, समोरच्याने तोंड उघडावं म्हणून, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. बाराव्या मिनिटाला त्याला ते असह्य झालं.

"मी जिन्याखाली जेवतो," तो म्हणाला.

बाईंनी लिहून घेतलं.

मग तो सुटलाच. कोट, सलाम, चुलत्याचं स्टूल, सगळं सांगून मोकळा झाला. बाई मधूनमधून "हं", "मग?" एवढंच म्हणत होत्या. एकदा अगदी हळू म्हणाल्या, "मलाही असंच होतं." केवढं हे कौशल्य, काकाला वाटलं. माणसाने स्वतःला किती खाली आणावं.

"मग पुढच्या गुरुवारपर्यंत काय करायचं?" शेवटी त्यांनी विचारलं.

उपाय रोग्याकडूनच काढून घेतात, हेही त्याने वाचलं होतं. "मधल्या टेबलावर बसून जेवायचं," तो म्हणाला. बाईंनी खाली दोन रेघा मारल्या.

सोमवारी तो ताट घेऊन भोजनगृहाच्या मधल्या टेबलापाशी गेला, तर टेबलाखाली तेच बूट. लक्ष ठेवायला स्वतः आल्या होत्या. मग न बसून सांगतो कुणाला? दोघं समोरासमोर, माना खाली घालून जेवले.

असे गुरुवार जात राहिले. एका आठवड्यात त्याने ग्रंथपालाला पुस्तक मागायचं ठरवलं, दुसऱ्यात वर्गात शंका विचारायची. दर वेळी बाई लिहून घेत. त्याची नजरही बुटांवरून वहीवर, वहीवरून हनुवटीपर्यंत चढली.

"काका, गुरुवारी कुठे गायब होतोस रे?" वसतिगृहाच्या खोलीतल्या जोडीदाराने एकदा विचारलं. त्याला सगळे रेडिओ म्हणत.

"काम असतं."

"तुला कसलं काम? तू तर चहावाल्याशीसुद्धा बोटांनी बोलायचास."

"आता तोंडाने बोलतो. काल त्याला चहा पांचट आहे म्हणून सांगितलं."

रेडिओने ही बातमी रात्रीपर्यंत सगळ्या वसतिगृहात पोचवली.

वर्षअखेर आली. भाषणाच्या दिवशी काकाने कागद खोलीवरच ठेवला. वर्गासमोर उभा राहून तो दहा मिनिटं बोलला. लोक दोनदा हसले, तेही हसायच्या जागी. संध्याकाळी त्याने आईला कळवलं की स्टुलावर आता दुसऱ्या कुणाला बसू दे.

शेवटच्या गुरुवारी तो चारच्या ठोक्याला खोलीत गेला. बाई नेहमीसारख्या उठून उभ्या राहिल्या. आज त्याने सरळ त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा वाटला होता त्यापेक्षा बराच तरुण निघाला. हुशार माणसं लवकर पदावर पोचतात, तो मनात म्हणाला.

"काल बोललो," तो म्हणाला. "पूर्ण दहा मिनिटं. हे सगळं तुमच्यामुळे झालं."

बाई लाजल्या. त्यांनी वही मिटून छातीशी धरली.

"मोठी माणसं असंच म्हणतात, सर," त्या म्हणाल्या. "माझंही भाषण कालच झालं, अकरा मिनिटं बोलले. आता मी दुसऱ्या वर्षाला जाईन, पण माझी गुरुवारची वेळ तेवढी दुसऱ्या कुणा विद्यार्थ्याला देऊ नका."