नवरा-बायकोचा पुरावा

“ही कोण तुझी?”

“बायको.”

पुष्कर हसला. त्याच्यामागचे तिघंही हसले. औंढ्याबाहेरच्या या तळ्यावर बसलेलं प्रत्येक जोडपं आधी हेच सांगतं, हे त्यांना पाठ झालं होतं.

प्रेमदास उठून उभा राहिला. पुजानं भेळीचा कागद बाजूला ठेवला आणि ओढणी सावरली. आत्ता मिनिटभरापूर्वी प्रेमदास आपल्या बापाच्या घोरण्याची नक्कल करत होता आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते हसणंच पुष्करला रस्त्यावरून ऐकू आलं होतं.

पुष्करचं गावात पूजेच्या साहित्याचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की दुकान भावावर सोडून तो या तिघा पोरांना घेऊन तळ्यावर चक्कर मारायचा. देवाच्या गावात असले चाळे नकोत, असं त्याचं म्हणणं. या कामावर त्याला कुणी नेमलं नव्हतं. कुणी अडवलंही नव्हतं.

“बायको हाय तर पुरावा दाखव.”

पुजानं गळ्यातलं मंगळसूत्र ओढणीबाहेर काढलं.

“असले तर मीच विकतो दुकानात. कुणीबी घेऊन जातं.”

प्रेमदासनं मोबाईलमधला लग्नाचा फोटो दाखवला. मुंडावळ्या बांधलेले दोघं, मागं तांड्यावरचा मांडव. पुष्करच्या पोरांनी फोटो मोठा करून पाहिला.

“आजकाल मोबाईल कसलाबी फोटो बनवून देतो,” त्यातला एक म्हणाला.

“आईला लाव फोन,” पुष्कर म्हणाला. “आई काय खोटं बोलणार न्हाई.”

प्रेमदासचा चेहरा उतरला. तेवढं पुष्करला पुरे झालं. त्यानं प्रेमदासच्या मोबाईलमधला नंबर आपल्या फोनवरून लावला, आवाज मोठा केला आणि प्रेमदास कुठंय ते विचारलं.

“प्रेमदास? तो वारंग्याला गेला, टेंपोचे टायर बघाया,” पलीकडून त्याची आई भिकाबाई म्हणाली. “काहून?”

“अन् तुमची सून?”

“सून सकाळीच माहेरी गेली. कोन बोलून राहिलं?”

पुष्करनं फोन बंद केला.

दोघांनी घरी वेगवेगळं सांगितलं होतं. तो एका गाडीनं आला होता, ती दुसऱ्या गाडीनं. औंढ्याच्या स्टँडवर भेटले होते. प्रेमदास हे सांगायला लागला, पण पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याच्या कानाखाली बसली.

मग चौघंही तुटून पडले. “दुसऱ्याची लेक फिरवतो व्हय? नवरा-बायको असे खिदळत बसतात व्हय रे?” पुष्कर एकेका शब्दाला एकेक लाथ घालत होता. पुजा मधे पडली. तिला कुणीतरी ढकललं, हातातल्या बांगड्या फुटल्या. रस्त्यावर दोन मोटारसायकली थांबल्या, बघितलं आणि निघून गेल्या. प्रेमदासची भुवई फाटली. उजवा हात त्याला उचलता येईना.

पुष्करच्या मोबाईलवर भिकाबाईचा फोन पुन्हा पुन्हा येत होता. शेवटी एका पोरानं उचलला आणि सांगितलं, “तुमचा पोरगा एका पोरीसंगं सापडलाय. औंढ्याच्या तळ्यावर या.”

तासाभरात ती आली, दीर गुलाबसिंगच्या मोटारसायकलवर मागं बसून. पदर खोचलेला, चेहरा रागानं लाल. आता आईच पोराला दोन ठेवून देणार म्हणून पुष्करची पोरं बाजूला सरकली.

“कुठंय ती पोरगी?”

पुष्करनं बोट दाखवलं. दगडावर खाली मान घालून बसलेल्या पोरीकडे भिकाबाईनं पाहिलं आणि तिचा आवाजच बदलला.

“ही? ही तर पुजा हाय. माझी सून.”

पुष्करचं दाखवलेलं बोट खाली आलं.

“मावशी, तुमीच म्हणल्या ना, सून माहेरी गेली?” पुष्कर म्हणाला.

भिकाबाई सुनेकडे वळली. “खोटं काहून सांगितलं गं?”

“घरात सात माणसं, आत्याबाई.” पुजाला रडू आवरेना. “लग्नाला सहा महिने झाले. ह्यायच्यासंगं बोलाया जागाच न्हाई.”

भिकाबाई लेकाजवळ बसली आणि पदरानं त्याच्या डोळ्यावरचं रक्त पुसायला लागली.

“गैरसमज झाला,” पुष्कर म्हणाला. “आमचा हेतू चांगला होता.”

“तो हेतू ठाण्यात सांग,” गुलाबसिंग म्हणाला. “आधी लेकराला दवाखान्यात नेतो. मग तिकडंच येतो.”

संध्याकाळी पुष्कर घरी जेवायला बसला. बायको, नीलांबरी, पोळ्या करत होती. त्यांच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. एरवी तो मोबाईल बघत जेवायचा, ती वाढायची. आज पोलिसांचा फोन येईल म्हणून त्यानं मोबाईल उलटा ठेवला होता आणि उगाच बोलत होता.

“माझी काय चूक सांग? हसत होते गं ते. पार रस्त्यापर्यंत आवाज येत होता. नवरा-बायको आहेत असं कुणाला वाटेल?”

नीलांबरीनं तव्यावरची पोळी उलटली. “काय बोलत होते?”

“कोण?”

“ते दोघं.”

“मला काय माहीत. मी काय ऐकत बसलो होतो का?”

तिनं गॅस बंद केला आणि कितीतरी दिवसांनी त्याच्यासमोर येऊन बसली.

“मारायच्या आधी तेवढं विचारून घ्यायचं होतं,” ती म्हणाली. “नवरा-बायकोला एवढं हसण्यासारखं काय असतं ते.”