आलेखातली खळगी

"बुडाली तुझी थिअरी," म्हणत बाबांनी आलेखाचा कागद तिच्या टेबलावर ठेवला. "ही बघ खळगी."

खरंच होती. अतिवाहक स्फटिकावरून अवरक्त प्रकाश किती परततो, ते दाखवणारी रेघ वरच्या बाजूने सरळ चालली होती आणि मध्येच एका जागी जराशी खचली होती. तिच्या गणिताप्रमाणे तिथे काहीही असायला नको होतं. त्या गणितापायी तिने वर्षानुवर्षं रक्त आटवलं होतं, आणि उद्या ते छापायला पाठवायचं होतं. थिअरी मुलीची, मोजमाप बाबांचं. तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत बाबांची हयात गेली होती. त्यांच्या मोजमापावर शंका घ्यायची पद्धत त्या इमारतीत नव्हती.

"पुन्हा मोजून पाहिलंत?"

"दोन-तीनदा. जागची हलत नाही. तुझ्यासारखीच हट्टी आहे."

ती हसली नाही. खळगीभोवती बाबा नेहमी पेन्सिलीने गोल करत. आज तिथे छापील बाण होता. त्यांनी तिच्या थर्मासमधला चहा घेतला, तोही अर्धाच कप. हल्ली ते अर्धाच घेत. मग उजवा हात कोटाच्या खिशात घालून ते जिना उतरून गेले.

ती दार लावून बसली. हा स्फटिक म्हणजे कागदांची चळतच. पुरेसा थंड केला की थराच्या आतल्या आत वीज विनाअडथळा धावते. एका थरातून दुसऱ्यात जाताना मात्र बिचकते. म्हणून प्रकाशाची कंपनं थरांच्या दिशेने असली, की जवळजवळ सगळा प्रकाश माघारी येतो. थरांना आडवी असली, की एका ठरावीक जागी तो येईनासा होतो. ती जागा तिला तोंडपाठ होती. खळगी नेमकी तिथेच होती.

म्हणजे यात आडव्या कंपनांचा अंश मिसळला होता. स्फटिक किंचित वाकडा बसला तर असंच होणार! तिने पाच-सहा अंशांचा तिरकेपणा गणितात घातला. तिची रेघ बाबांच्या रेघेवर अशी चपखल बसली, की रेघा दोन आहेत हे कळेना.

थिअरी तरली होती. कागद घेऊन ती जवळजवळ उड्या मारतच जिना उतरू लागली. बाबांना कसं चिडवायचं तेही ठरून गेलं. 'म्हातारबा, चष्मा बदला आता.'

मधल्या वळणावर तिचे पाय थांबले.

बाबांनी स्फटिक वाकडा बसवला? मुगाएवढा तुकडा चिमट्यात धरायचा आणि एका दमात सरळ चिकटवायचा, यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. दुसऱ्या प्रयोगशाळांतली माणसं मुद्दाम ते बघायला यायची. मग तिला तो अर्धा कप आठवला. पेन्सिलीच्या जागी आलेला बाण आठवला. चष्म्याचा यात काही संबंध नव्हता.

आपलं गणित चुकलेलं निघावं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून वाटलं.

बाबा पंपाशेजारच्या स्टुलावर बसले होते. तिच्या हातातला कागद बघून त्यांचा चेहरा उजळला. पोरीची थिअरी बुडाल्याचं दुःख तिच्यापेक्षा त्यांनाच जास्त झालं असावं.

"सापडलं? कुठे चुकली होतीस?"

तिने कागद बाजूला ठेवला, पालथा. लहानपणी खरचटलेला तळवा ती पाठीमागे लपवायची, तेव्हा बाबा ज्या सुरात म्हणायचे, त्याच सुरात ती म्हणाली, "हात दाखवा बघू."

बाबांनी खिशातला हात काढून तिच्या हातात दिला. बोटं थरथरत होती. तिने ती दोन्ही तळव्यांत घट्ट धरली.

"चिकटवताना तेवढा हात स्थिर धरला होता गं," ते म्हणाले. "निदान मला तसं वाटलं."