दार्जिलिंगचा चहा

फौजी बालाजी सुट्टीवर अहमदपूरला आला, तो दार्जिलिंगच्या पत्तीचा डबा घेऊनच. दुसऱ्याच दिवशी भोकरचे पाहुणे त्याच्या बहिणीला, शिवकन्येला, बघायला आले.

"ह्यात दूध घालायचं न्हाई. लई महागाचा चहा हाय," त्यानं आईला बजावलं.

"पाव्हण्यांसमोर बिनदुधाचा? बरं दिसंना रे," गयाबाई म्हणाल्या. पण पोरगं ऐकंना.

शिवकन्येनं कप दिले तसे पाहुणे कोऱ्या चहाकडं बघतच राहिले. कुणी पोह्याला हात लावेना.

 

शेवटी मुलाच्या आजीनं डोक्यावरचा पदर सारखा केला, गयाबाईंचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाली, "कोण गेलं, माय? सुतकाचा कोरा चहा बघूनच कळलं. निरोप तरी धाडायचा, आम्ही तेरवी झाल्यावर आलो असतो."