चपटी उशी

गादीवाला आयुष्यभर लोकांच्या गाद्या भरत आला, पण घरातली एक उशी पार चपटी झाली होती. बायको रोज सकाळी तिच्यावर गुडघे टेकून प्रार्थना करायची. "आण इकडे, नवा कापूस भरतो," तो म्हणायचा. "राहू द्या हो, आत्ता कुठे गुडघ्यांना सवय झालीय," ती हसायची. त्याचं आणि चर्चचं कधी जमलं नाही. तिला माती देऊन आल्यावर राहिलेलं काम करायला तो उशी घेऊन दुकानात बसला. शिवणीला कात्री लावली आणि हात थबकला. उशीत गुडघ्यांचे दोन खळगे होते. त्यानं ती जमिनीवर ठेवली, अवघडत गुडघे टेकले. प्रार्थना त्याला कुठली यायला! मग खाकरून, नव्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं म्हणाला, "प्रभू, आपली ओळख नाही. रोज तुमच्याशी बोलायची ना, तिचा नवरा मी. पोचली का नीट?"