आधी कोणाला कळलं

चौकशी समितीपुढे डॉ. झीनत बोलत होती आणि मागच्या खुर्चीत डॉ. वैजयंतीबाईंचा नुसता जळफळाट चालला होता.

कालपरवा रुजू झालेली पोरगी! नवजात बाळांना ऊब देणारं यंत्र बिघडलंय, बाळं भाजतायत, असं तिनं सरळ पत्रकारांना सांगितलं काय, अन् अख्ख्या सोलापूरच्या तोंडी तिचंच नाव झालं. पेपरात फोटो. दवाखान्याचा वॉचमन तिला बघून उठून उभा राहायला लागला. टेंभुर्णीकडच्या बायका वैजयंतीबाईंच्याच दारात येऊन विचारायच्या, "त्या बोलणाऱ्या म्याडम कुटं बसत्यात?" या गावातली पोरं तपासता तपासता बाईंचे केस पिकले, पण त्यांची अशी चौकशी कुणी कधी केली नव्हती. अंगाचा तिळपापड होणार नाही तर काय!

आज बाईंना एवढंच बोलायचं होतं. दवाखान्याचे मालक डॉ. राजशेखर यांनी सकाळीच चहा पाजून पढवलं होतं, "यंत्र ठीक होतं, नवी मुलगी घाबरली, असं सांगा. पुढचं मी बघतो." पुढचं म्हणजे काय ते बाईंना ठाऊक होतं. झीनतची नोकरी जाणार आणि यंत्र तिथंच राहणार. नोकरी जाणार म्हणून त्यांना बरंच वाटत होतं. यंत्राचा विचार त्या करत नव्हत्या.

भिंतीकडेच्या बाकावर करकंबची अंकिता बसली होती. मांडीवर तान्हं पोर पालथं झोपलेलं, पाठीवर पांढरी पट्टी.

"तुमच्या लक्षात कसं आलं?" अध्यक्षांनी झीनतला विचारलं.

"बाळाच्या पाठीला हात लावून बघितला, सर. यंत्रावरचा आकडा बरोबर होता, पण हाताला चटका बसत होता."

"शाबास! आणि इतक्या अनुभवी डॉक्टरांना हे कळलं नाही?" अध्यक्ष वैजयंतीबाईंकडे बघून जरासे हसले.

झीनत गडबडली. "मॅडमना खरंच माहीत नव्हतं, सर. माहीत असतं तर त्या गप्प बसल्या असत्या का?"

पोरगी अगदी मनापासून बोलली होती. पण बाईंच्या मस्तकात तिडीक गेली. आता ही माझी बाजू घेणार? हिच्या मेहेरबानीनं मी अडाणी ठरायचं?

"मला माहीत नव्हतं?" बाई ताडकन उठल्या. "अहो, ही कॉलेजात होती तेव्हा मला कळलं होतं! मागच्या होळीच्या आधीच! आकड्यावर विसंबू नकोस, हात लावून बघ, हे हिला शिकवलं कुणी? मी! विचारा की तिला!"

राजशेखर यांनी डोळे मिटून घेतले. झीनत बाईंकडे बघतच राहिली. बाई मात्र अजून धापा टाकत उभ्या होत्या. एकदाचं सगळ्यांना कळलं, म्हणून त्यांना घटकाभर हलकंही वाटलं.

बाकावर अंकिता बोटांवर महिने मोजत होती. मोजून झाल्यावर तिनं मान वर केली.

"होळीला तर ह्यो माज्या पोटात हुता, म्याडम."