खाली माणसे राहतात

"यात हेडफोन लावायची सोय आहे," शमशुद्दीनभाई म्हणाले. "तुम्हीच वाजवा, तुम्हीच ऐका. भिंतीलासुद्धा कळायचं नाही."

"तसं तर मी तीस वर्षं वाजवलं," इंदुताई म्हणाल्या. "दुसरा दाखवा."

शनिवार पेठेतल्या त्या वाद्यांच्या दुकानात सकाळपासून दुसरं गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. भाईंनी तो डब्याएवढा ॲम्प्लिफायर बाजूला सारला. पन्नाशी उलटलेली, सुती साडीतली बाई ब्लूजसारख्या दुखऱ्या अमेरिकन गाण्यांसाठी ॲम्प्लिफायर मागते म्हटल्यावर त्यांना वाटलं होतं, मुलाबिलासाठी असेल. मग बाईंनी स्वतःची गिटार मांडीवर आडवी घेतली, पिशवीतून पोलादी दांडी काढली आणि तारेवरून एक सूर असा ओढत नेला की भाईंचा चहा निवून गेला.

इंदुताई पूर्वी बँकेच्या स्नेहसंमेलनात हवाईयन गिटार वाजवायच्या. वर्षातून एकदा, दोन गाणी, झालं. बँकेनं स्वेच्छानिवृत्तीची टूम काढली तेव्हा पहिला अर्ज त्यांचा गेला. हातात चार पैसे आले तसं त्यांनी बिबवेवाडीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि एकट्या राहू लागल्या. सोसायटीच्या गणपतीत त्यांचं वाजवणं ऐकून तालिब नावाचा सॉफ्टवेअर कंपनीतला मुलगा दारात आला. त्याच्या बँडच्या गिटारवाल्याला कंपनीनं अमेरिकेला धाडलं होतं.

"काकू, तुम्ही जे वाजवता ना, तेच ब्लूज आहे," तो म्हणाला. "फक्त फार हळू वाजवता."

हे झोंबलं, कारण ते खरं होतं. मागच्या शुक्रवारी कोरेगाव पार्कातल्या हॉटेलात ड्रमपुढे त्यांची गिटार कुणाला ऐकूच गेली नाही. 'काकू छान दिसत होत्या,' असं कुणीतरी म्हणालं. इंदुताईंनी तिथंच ठरवलं, की दिसणं पुष्कळ झालं, आता ऐकू जायचं. घरीही आणि बाहेरही.

भाईंनी फळीवरचे दोन ॲम्प्लिफायर खाली उतरवले.

"हा पाच वॅटचा, व्हॉल्व्हचा. जुन्या रेडिओसारखा तापायला वेळ घेतो, पण गुरगुरतो गोड. घरी उत्तम. बाहेर ड्रमपुढे टिकायचा नाही."

"आणि हा?"

"पंधरा वॅट. हा दोन्हीकडे चालेल. पण ताई, व्हॉल्व्हचं एक असतं. आवाज चढवल्याशिवाय तो रंगात येत नाही. तुमच्या खाली कोण राहतं?"

"भागवत. सोसायटीचे सेक्रेटरी."

"अरे बापरे."

"त्यांनी जिन्यात पाटी लावलीय. 'वरच्या मजल्यावरील कलाकारांनी ध्यानात ठेवावे, खाली माणसे राहतात.'"

भाई हसले. "मग तुम्ही काय केलंत?"

"त्याखाली लिहिलं, 'वरही.'"

"आणि ते गप्प बसले?"

"छे! परवाच्या मीटिंगमध्ये उभे राहून म्हणाले, हे रडगाणं बंद झालं नाही तर घरमालकाला सांगून जागा खाली करायला लावतो." इंदुताईंनी मांडीवरची गिटार जवळ ओढली. "मला ती जागा सोडायची नाही. गिटारही सोडायची नाही."

भाईंनी हेडफोनवाला डबा हळूच पुन्हा पुढे सरकवला. इंदुताईंनी तो तितक्याच हळू मागे ढकलला.

"ते जेवून एक ते चार झोपतात," त्या म्हणाल्या. "पलंग नेमका माझ्या बाहेरच्या खोलीखाली. डावा कान कामातून गेलाय. काही ऐकायचं नसलं की चांगला कान उशीत खुपसून पडतात. उठले की बिनसाखरेचा चहा."

"शेजाऱ्यांची बरीच खबर ठेवता."

"पुणं आहे हो. इथे शेजाऱ्यांची खबर ठेवावी लागत नाही, आपोआप राहते."

"मग एक ऐका. हा जमिनीवर ठेवू नका. स्टुलावर ठेवा, खाली जाड सतरंजी घाला. जमिनीवर ठेवलात तर आवाज स्लॅबमधून सरळ खाली उतरतो. कान उशीत खुपसला तरी पलंगाच्या पायांतून अंगात शिरेल."

"म्हणजे स्टूल नसेल तर?"

"तर भागवतांची झोप गेलीच म्हणून समजा."

इंदुताईंनी मान डोलावली आणि पंधरा वॅटच्या ॲम्प्लिफायरला गिटार जोडायला सांगितली. व्हॉल्व्ह तापले. त्यांनी बटण फिरवलं, अजून फिरवलं, आणि दांडी तारेवर टेकवली. काचेचं कपाट थरथरलं. रस्त्यावरचा एक सायकलवाला पाय टेकून थांबला. स्वतःचा आवाज असा स्वतःच्या अंगावर येण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती. आपल्याला रडू येणार असं त्यांना वाटलं होतं. आला तो राग, चांगला मुरलेला, आणि त्या रागानं त्यांना फार बरं वाटलं.

"हाच द्या," त्या म्हणाल्या.

"बरोबर एक स्टूल देऊ? आहे माझ्याकडे."

"नको."

भाईंनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं, पण गिऱ्हाइकाशी वाद घालायचा त्यांचा स्वभाव नव्हता. "टेम्पोवाला आज स्वारगेटवरून तिकडेच जाणार आहे. दोनच्या सुमाराला पोचेल. जड आहे, जिन्यात त्याला कुणाचा तरी हात लागेल. घर सापडेल ना?"

"पहिल्या मजल्यावर भागवतांची बेल वाजवू दे."

"दोन वाजता? ऐन झोपेत? अहो ताई, ते खवळतील! तो बिचारा त्यांना सांगणार काय?"

इंदुताईंनी दांडी रुमालात गुंडाळून पिशवीत टाकली आणि पदर खोचला.

"म्हणावं, तुमच्या बायकोचा ॲम्प्लिफायर आलाय. वर चढवायला जरा हात लावा."